बेलापूरला अंगणात मोठा बटरफ्लाय बुश लावायचाय, टिकेल का?

परसबागी

मंडळी, बागकामवाल्यांची मदत हवीय.

आमचं बैठं घर आहे सीबीडी बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. मागच्या अंगणात भिंतीलगतचा एक कोपरा, दहा बाय आठ फूट धरा, रिकामा झालाय कारण तिथला शेवगा मागच्या पावसात आडवा झाला. बाजूला जुना कढीपत्ता आहे, त्याला हात लावायचा नाही असा घरातून आदेश आहे. ऊन सकाळी दहापासून साडेतीनपर्यंत बऱ्यापैकी. माती म्हणाल तर वर लाल माती आणि फूट-दीड फुटाखाली बांधकामाचा भराव. जुलैत डोंगराकडून पाणी येतं तेव्हा कोपऱ्यात घोट्याएवढं तुंबतं, मग दोन-तीन तासांत उतरतं.

तर मला तिथे एकच मोठं, भरगच्च फुलणारं झुडूप हवंय. मेव्हणीकडे लीड्सला गेलो होतो तेव्हा तिच्या मागच्या दारी बटरफ्लाय बुश बघितला, माझ्या डोक्याच्याही वर गेलेला, वीतवीतभर जांभळे तुरे, मधासारखा वास आणि त्यावर फुलपाखरांची ही गर्दी. तेव्हापासून डोक्यात बसलाय. ऑनलाइन रोपं दिसतायत, बियाही मिळतायत, 'ब्लॅक नाइट', 'रॉयल रेड' अशी नावं टाकून.

आपल्याकडे जगेल का, जगला तर फुलेल का, छाटणी कधी करायची आणि कुठल्या महिन्यात लावू? 'त्यापेक्षा आंबा लावा' सांगणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

खाडीकाठचा

त्यापेक्षा आंबा लावा.

यॉर्कशायरची_सून

हाहाहा. परसबागी, मी तुमच्या मेव्हणीच्याच गावाच्या जवळपास राहते म्हणून लिहिते. तुम्ही जे बघितलंत ते बडलिया, पूर्ण नाव बडलिया डेव्हिडाय. मूळचं मध्य चीनमधलं, डोंगरउतारावरच्या खडकाळ जागांतलं. अरमां डेव्हिड म्हणून एक फ्रेंच मिशनरी होते त्यांच्यावरून डेव्हिडाय, आणि बडलिया हे ॲडम बडल नावाच्या इंग्रज पाद्र्यावरून, ते वनस्पतींचा अभ्यास करायचे. इकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं आणि असं मोकाट सुटलं की विचारू नका. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून जी घरं जमीनदोस्त झाली त्या ढिगाऱ्यांवर हेच उगवलं होतं. आजही ट्रेनमधून जाताना रुळांच्या कडेला, पडीक गिरण्यांच्या भिंतींत, अगदी चिमणीच्या विटांच्या फटीतसुद्धा दिसतं. जुन्या भिंतींतला चुना आणि निचरा दोन्ही त्याला आवडतं. बी धुळीसारखं बारीक, एका झुडपाला लाखोंनी धरतं आणि वाऱ्यावर उडतं.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात तर हे उपद्रवी तण म्हणून यादीत आहे, तिथे बी न धरणाऱ्या ठरावीक जातीच विकता येतात.

छाटणी इथे मार्चच्या सुमारास, गुडघ्याएवढी ठेवून बाकी सगळं उडवायचं. बघणाऱ्याला वाटतं मारून टाकलं, पण फुलं नव्या फांदीवरच येतात. नाही छाटलं तर खाली नुसती लाकडं आणि वर टोकाला चार तुरे. वाळलेले तुरे लगेच कापायचे, एक म्हणजे नवे येतात आणि दुसरं म्हणजे शेजाऱ्याच्या गटारात रोपं उगवत नाहीत.

मुंबईकडच्या हवेत काय होतं ते तिकडच्यांनी सांगावं. माझ्या माहेरी डोंबिवलीला आईने लावलेलं, पण ते पहिल्याच पावसात गेलं.

नौपाडा_आप्पा

सूनबाईंनी छान लिहिलंय. आता इकडचं मी सांगतो, जरा लांबेल.

परसबागी, लीड्सला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो ना तेवढा आपल्याकडे एकटा जुलै पाडतो, बरेचदा जास्तच. ठाण्याची सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. आता ज्या झाडाचं मूळ खडकातल्या फटीत, कोरड्या पायाने उभं राहायला शिकलंय त्याला तुम्ही घोटाभर पाण्यात उभं करणार. मुळं कुजणार म्हणजे कुजणार. त्यातून पानं बघितली असाल तर वरून करडी-हिरवी आणि खालून पांढरट, लव असलेली. त्या लवेत ओल धरून राहते, आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता काही खाली येत नाही, मग बुरशी. पावसातून वाचलंच तर मार्च-एप्रिलमध्ये लाल कोळी लागतात, पानं तांबूस-फिकट होऊन गळतात. थंड हवेच्या ठिकाणी हे झाड हौसेने वाढतं, आपल्याकडे ते कायम माहेरची आठवण काढत बसतं.

तरी हौसच असेल तर अडवत नाही. जमिनीत नको, मोठ्या कुंडीत किंवा विटा रचून दीड-दोन फूट उंच वाफा करून लावा. माती निम्मी, बाकी बारीक खडी आणि वाळू, शेणखत पसाभर, जास्त नको, नाहीतर नुसता पाला माजतो. कोकोपीट अजिबात नको, ते पाणी धरतं. लावायचं ऑक्टोबर संपताना, म्हणजे पुढचे चार महिने त्याला बरे जातात, मूळ धरतं. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, आडोशाला. बियांच्या नादी लागू नका, ऑनलाइन बियांच्या पाकिटातून काय उगवेल याची खात्री नाही आणि उगवलं तरी 'ब्लॅक नाइट'ची बी लावून 'ब्लॅक नाइट' येत नसतं, त्या जाती फांदीपासूनच करतात.

आणि बडलियाच हवा असेल तर त्याचा आपल्या बाजूचा भाऊ आहे, बडलिया एशियाटिका. हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत होतो, पांढरे लोंबते तुरे, थंडी सरता सरता फुलतो आणि वास असा की संध्याकाळी गेट उघडलं की कळतं. डेव्हिडायपेक्षा उबदार हवा त्याला जास्त सोसते. दुसरा मादागास्करचा, नारिंगी-पिवळा, वेलीसारखा पसरतो. पण दोघांनाही निचरा हवाच.

बाल्कनी_बाराव्या_मजल्यावर

आप्पा मग नर्सरीत 'बटरफ्लाय बुश' म्हणून काय देतात? मी घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून घेतलं, त्याला तुरेबिरे काही नाहीत, सुटी सुटी निळी फुलं येतात आणि बाल्कनीत भर पावसात पण झकास आहे!! फोटो टाकलाय बघा.

नौपाडा_आप्पा

फोटो बघितला. हा बडलिया नव्हे, रोथेका. जुनं नाव क्लेरोडेंड्रम युगांडेन्स, पूर्व आफ्रिकेतला. नर्सरीवाले ब्लू बटरफ्लाय म्हणतात कारण फूलच फुलपाखरासारखं आहे. चार पाकळ्या फिक्या निळ्या आणि एक खालची गडद, पुढे लांब वाकडे पुंकेसर मिशांसारखे. परसबागींना हेच सांगणार होतो, तुम्ही आधी बोललात.

रानवाटा

या रोथेकाला पैकीच्या पैकी, पण अपेक्षा नीट ठेवा. फुलपाखरासारखं दिसतं म्हणून फुलपाखरं तुटून पडतात असं नाही. त्याच्यावर जास्त करून काळे भुंगे येतात, ते दिवसभर घुमत असतात. फूल वाकवून आत घुसतात तेव्हा ते लांब पुंकेसर बरोबर त्यांच्या पाठीवर टेकतात, उभं राहून बघण्यासारखं आहे. गर्दी हवी असेल तर दुसरी झाडं लागतील, त्याचं संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता लोकलमध्ये उभी आहे.

मालतीबाई

अहो ते निळं फूल बघून मला भारंगी आठवली. आमच्याकडे कर्जतला रानात अशीच फुलं यायची.

नौपाडा_आप्पा

मालतीताई अगदी बरोबर! भारंगी त्याच कुळातली, रोथेका सेराटा. फूल जवळजवळ तसंच, फिकट निळसर पांढरं आणि खालची पाकळी जांभळी. आमच्या ठाण्याच्या मार्केटात पावसाळ्यात येऊरच्या बायका शेवळं, टाकळा, कवला घेऊन बसतात त्यांच्याकडे भारंगीची जुडी असते. मूळ औषधात वापरतात खोकल्या-दम्यावर.

मालतीबाई

कोवळी पानं उकडून पाणी घट्ट पिळून टाकायचं नाहीतर कडू लागते. भिजवलेले वाल आणि भरपूर कांदा, वरून ओलं खोबरं. फुलांचीही भाजी होते. झाड लावलं तर भाजी आणि फुलं दोन्ही, त्या इंग्रजी झुडपाचं काय खाणार?

परसबागी

बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांचे आभार. आप्पा तुमच्या 'माहेरची आठवण' वर घरात सगळे हसतायत. रानवाटाताई, संध्याकाळची वाट बघतोय. भारंगीचं रोप कुठे मिळेल?

रानवाटा

हं, आता बसून लिहिते.

परसबागी, तुम्हाला झुडूप हवंय की फुलपाखरं, हे आधी ठरवा. लीड्सला ती गर्दी दिसली ती फक्त मध प्यायला आलेली होती. तिथल्याही फुलपाखरांच्या अळ्या बडलियाची पानं जवळजवळ खातच नाहीत, त्या भागातली पीकॉक, रेड ॲडमिरल ही मंडळी अंडी घालतात आग्यावर, म्हणजे ते अंगाला लागलं की खाजतं त्या झाडावर. लोक बडलिया लावतात आणि आग्या उपटतात, मग फुलपाखरं कमी का झाली म्हणतात. आपल्याकडे पण हेच. पेंटास, झिनिया लावून बाग रंगीत करायची आणि कढीपत्त्यावर अळी दिसली की फवारा.

त्यामुळे तुमच्या घरातल्यांचा तो आदेश मला फार आवडला. कढीपत्ता हे त्या अंगणातलं सगळ्यात महत्त्वाचं झाड आहे. त्याच्यावर कॉमन मॉर्मन अंडी घालते. लिंबाचं एखादं झाड जवळ लावा, त्याच्यावर लाइम बटरफ्लाय येईल आणि नशीब असेल तर ब्लू मॉर्मन, आपण मराठीत नीलवंत म्हणतो ते. २०१५ साली महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, असं करणारं आपलं पहिलं राज्य. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर, काळ्यावर निळ्याची झाक, आणि उडतं असं की लांबून पक्षीच वाटतो. बेलापूरला पारसिक डोंगर पाठीशी आहे तुमच्या, येऊ शकतं.

लिंबावरची अळी एकदा मुलांना दाखवाच. कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं पिवळट अंडं, एकेकटं. त्यातून जी अळी येते ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी, तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा, म्हणजे कोणी खायला धजावत नाही. कात टाकत टाकत मोठी झाली की एकदम हिरवीगार, पानात लपणारी. तिला काडीने हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर येतात आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटतो, लगेच आत घेते. कोष करताना कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून फांदीला टेकून बसते, दोरखंड बांधून खांबावर चढणारा वायरमन असतो ना, तशी.

बाकी पटापट सांगते. पानफुटीवर रेड पिएरो, तिची अळी पानाच्या आत शिरून दोन पापुद्र्यांमधला गर खाते, पान उजेडात धरलं तर आत फिरताना दिसते. रुईवर प्लेन टायगर, आणि तेच हळदीकुंकवाच्या झाडावरही, ते लाल-पिवळ्या फुलांचं, पण त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कण्हेरीवर कॉमन क्रो, तिचा कोष म्हणजे चांदीचा डूल लटकवल्यासारखा चकाकतो. सीताफळावर आणि सोसायट्यांच्या कंपाउंडला असतात त्या उंच अशोकांवर टेल्ड जे. टाकळा-बहाव्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट. आणि ईश्वरीचा वेल मिळाला तर कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ, पण तो वेल विषारी असतो, लहान मुलं असतील तर विचार करून लावा.

सेक्रेटरीपीडित

ताई तुम्ही कण्हेरीचं लिहिलंत आणि माझ्या जखमेवर मीठ. आमच्या सोसायटीत (कुठली ते सांगत नाही, खारघर एवढंच) कंपाउंडच्या कण्हेरीवर चकाकणारे कोष लागलेले, पोरं रोज खाली जाऊन बघायची, आणि एका रविवारी सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोल बोलावून सगळी रांग धुऊन काढली कारण कुणीतरी तक्रार केली की 'झाडावर किडे आहेत'. आता पुढच्या मीटिंगला मी हा धागा प्रिंट काढून नेणार आहे.

खाडीकाठचा

प्रिंटबरोबर दोन-चार अळ्या पण न्या, नारिंगी शिंगंवाल्या.

गच्चीवरून

निंबोळीचं तेल मारलं तर चालतं ना पण? ते तर ऑरगॅनिक आहे.

रानवाटा

नाही हो. ऑरगॅनिक असलं तरी अळी ती अळीच, कडुनिंबाच्या तेलाने तिची वाढ खुंटते आणि मरते. मावा किंवा पिठ्या ढेकूण झाला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, नाहीतर जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी लावून घासा, तेवढ्याच फांदीला. अख्ख्या झाडावर काही मारू नका.

वाशीकर

एवढी चर्चा कशाला, घाणेरी लावा. लँटाना. पाणी नको खत नको, बाराही महिने फुलं आणि फुलपाखरं अशी की मोजता येत नाहीत. आमच्या इथे नाल्याच्या कडेला बघा जाऊन.

नौपाडा_आप्पा

वाशीकर, फुलपाखरं येतात हे खरं, ते नाकारत नाही. पण सूनबाईंनी वर बडलियाचं इंग्लंडमधलं जे सांगितलं ना, तेच घाणेरीचं आपल्याकडे झालंय, उलट जास्तच. अमेरिकेतून शोभेसाठी आणलेलं झाड, आज बोरिवली नॅशनल पार्कापासून सह्याद्रीभर रान माजलंय, गुरांना पाला बाधतो, खाली दुसरं काही उगवू देत नाही. पक्षी काळी फळं खाऊन बी डोंगरावर नेतात. परसबागींच्या मागे पारसिकचा डोंगरच आहे, तिथे तरी नको.

वाशीकर

नर्सरीत ती बुटकी, बिनबियांची मिळते ती तरी चालेल का?

नौपाडा_आप्पा

फळ खरंच धरत नसेल तर कुंडीत ठेवायला माझी हरकत नाही. पण तसं लिहिलेलं असतं आणि पुढच्या वर्षी काळे मणी लोंबतात, तेव्हा एक हंगाम बघा आणि मगच काय ते ठरवा.

कोकणकन्या_ऐरोली

पॅगोडा फ्लॉवर कोणीच कसं सुचवलं नाही?? क्लेरोडेंड्रमच ते, लालभडक फुलांचा मजल्यामजल्यांचा मनोरा येतो, हातभर उंच. माझ्या मामाकडे विहिरीच्या कडेला आहे, अर्धं ऊन आणि कायम ओल, तरी पावसाळाभर फुललेलं असतं आणि ती मोठी काळी-निळी फुलपाखरं त्याच्यावर हमखास असतात, लांब सोंड असलेल्यांनाच त्या नळीसारख्या फुलातला मध पुरतो म्हणे. परसबागींच्या पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्याला हेच. फक्त मुळांतून पिल्लं फुटतात, दरवर्षी उपटून वाटायची, नाहीतर कोपरा म्हणता म्हणता अंगण घेईल.

रानवाटा

अगदी शंभर टक्के. मी विसरले. ब्लू मॉर्मन बघायची असेल तर पॅगोडासमोर सकाळी नऊ-दहाच्या उन्हात खुर्ची टाकून बसायचं.

बाल्कनी_बाराव्या_मजल्यावर

आणि आम्ही गरिबांनी काय करायचं? बारावा मजला, कोपरखैरणे. येतात का एवढ्या वर?

रानवाटा

येतात, पण उनाडत येत नाहीत, त्यांना कारण लागतं. वारा फार असतो त्यामुळे कठड्याला आडोसा करा. एका कुंडीत लिंबू किंवा कढीपत्ता, एका पसरट कुंडीत पानफुटी, आणि उन्हाच्या बाजूला लाल पेंटास दाटीने. एक-एक रोप सुटं ठेवलं तर लांबून दिसत नाही, एकाच रंगाचा पुंजका लागतो. एका थाळीत ओली माती, चिमूटभर मीठ टाकून ठेवा, नर येऊन क्षार शोषतात. पिकून काळं पडलेलं केळं ठेवलंत तर फुलांवर न फिरकणारी काही फुलपाखरं त्याच्यावर येतात, मुंग्याही येतात हे आधीच सांगते.

मालतीबाई

माझा एक बाळबोध प्रश्न. अळ्यांनी कढीपत्ता संपवला तर फोडणीला काय घालू?

रानवाटा

ताई, मोठ्या झाडाला काही होत नाही, पुन्हा भराभर फुटतं, एक प्रकारची छाटणीच. लहान कुंडीतलं असेल तर अळी अलगद पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा. पण कढीपत्त्यावरची कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या जातीवरच, जास्वंदावर ठेवून उपयोग नाही, उपाशी मरेल.

परसबागी

बरं, घरात चर्चा होऊन असं ठरतंय. बघा आणि झोडपा.

तुंबणाऱ्या टोकाला पॅगोडा. भिंतीच्या मधोमध, जिथे मातीचा चढ आहे तिथे निळा रोथेका, मोठा होऊ द्यायचा. त्याच्या शेजारी भारंगी, ती मालतीताईंच्या भाजीसाठी, बायकोने त्यावर शिक्कामोर्तब केलंय. कढीपत्ता जागच्या जागी, त्याच्या पलीकडे कागदी लिंबू. पुढे पेंटास आणि हळदीकुंकू. आणि बडलिया एकच, उंच कुंडीत, पायऱ्यांजवळ छज्जाखाली, गेला तर गेला. एशियाटिका मिळतो का बघतो, नाहीतर डेव्हिडाय.

फुलांचं एकच मोठं झुडूप हवं होतं त्याचं हे झालं. आता रोथेका नक्की केवढा होतो आणि छाटायचा कसा? आणि नवी रोपं फांदीपासून करता येतात का, की विकतच घ्यायची?

नौपाडा_आप्पा

झोडपण्यासारखं काही नाही, फक्त लिंबू भिंतीपासून चार-पाच फूट सोडा, काटे असतात आणि पसरतं.

रोथेका जमिनीत माणसाच्या उंचीचा सहज होतो, जागा दिली तर वरही जातो. फुलं फांदीच्या शेंड्याला येतात, म्हणजे जितके शेंडे तितकी फुलं. तेव्हा पहिल्या वर्षी फुलांचा मोह सोडून दर दीड-दोन महिन्यांनी शेंडे खुडत राहा, झाड खालून भरतं. मग मोठी छाटणी वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर मे अखेरीस, एक-तृतीयांश उंची कमी करायची, आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढायच्या. बहर ओसरला की तेवढे शेंडे परत हलके मारायचे. बुंध्याशी कोंब येतात ते ठेवायचे की नाही ते तुमच्या जागेवर.

फांदी लावायला आत्ताचे दिवस, जून-जुलै, सर्वात चांगले. पेन्सिलीएवढी जाड, ना अगदी कोवळी ना लाकूड झालेली, वीतभर. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली, तिरका. खालची पानं काढायची, वर दोनच ठेवायची आणि ती मोठी असतील तर निम्मी कापायची. वाळू आणि माती निम्मी निम्मी, दोन डोळे मातीत. सावलीत ठेवा, ओलं ठेवा पण चिखल नको. पॉलिथिनची पिशवी वरून घालायची आपल्या दमट हवेत गरज नाही, उलट कुजतात. ओढून बघायची सवय सोडा, नवी पालवी आली म्हणजे मूळ धरलं. पॅगोडाला एवढं करायला नको, मुळाकडची पिल्लं खणून घ्यायची. बडलियाही असाच फांदीपासून होतो, पण पावसात करू नका, ऑक्टोबरात.

यॉर्कशायरची_सून

मजा आली वाचून. माझ्या मागच्या दारचा बडलिया यंदा मी बुटक्या जातीने बदलणार होते, आता त्याच्या शेजारी आग्याचा एक पट्टा पण राखणार आहे, नवऱ्याला काय सांगायचं ते बघते.

कोकणकन्या_ऐरोली

परसबागी, पॅगोडाची पिल्लं मामाकडून आणून देते, ऐरोली स्टेशनला घ्यायला या. भारंगीचं बघा कोणाकडे आहे का.

नौपाडा_आप्पा

भारंगी माझ्याकडे. रानातून उपटून आणू नका, माझ्या झाडाच्या फांद्या लावलेल्या आहेत, जुलैअखेर देतो. आणि लावायच्या आधी ओवळ्याला ओवळेकर वाडीत, त्या फुलपाखरांच्या बागेत, एक फेरी मारा, घोडबंदर रोडवर, रविवारी सकाळी उघडी असते पण निघण्याआधी खात्री करून घ्या. दोनेक एकरांत शंभराहून जास्त जातींची फुलपाखरं बघायला मिळाली आहेत तिथे, आणि कुठल्या झाडाशेजारी कुठलं झाड लावलंय ते बघून अर्धा आराखडा तिथेच होईल. खरा हंगाम मात्र पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते डिसेंबर. आता गेलात तर झाडं बघायला म्हणून जा.

सेक्रेटरीपीडित

आप्पा, एक फांदी मला पण. सोसायटीच्या गेटजवळ लावतो, भाजीचं झाड आहे म्हटल्यावर फवारायला कोणी येणार नाही.

मालतीबाई

भाजीचं म्हणालात की फवारणार नाहीत, पण पाला शिल्लक राहणार नाही, तयारी ठेवा. परसबागी, पहिली भाजी कराल तेव्हा पाणी दोनदा पिळा.

परसबागी

दोनदा पिळतो. कोकणकन्या, शनिवारी सकाळी ऐरोलीला येतो, तुमच्यासाठी आमच्या कढीपत्त्याची दोन रोपं आणतोय, अळ्यांसकट हवी असतील तर तसं सांगा.